दुखतंय कुठं, कसं आणि किती आणे? वॉर्डात नव्यानं रुजू होणाऱ्या सिस्टर-ब्रदरसाठी

मिरजेच्या एका सर्जिकल वॉर्डात मी रुजू झाले तेव्हा मला ड्रिप लावता येत होती, कॅथेटर घालता येत होता, टाके काढता येत होते. 'सिस्टर, दुखतंय ओ' म्हटल्यावर मात्र एकच गोष्ट यायची: केस पेपर उघडायचा, त्यात लिहिलेलं इंजेक्शन द्यायचं आणि पुढच्या कॉटकडे वळायचं. जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) परीक्षेत वेदनेवर पानभर उत्तर लिहून मी चांगले मार्क मिळवले होते. पण वॉर्डातला पेशंट पुस्तकासारखा बोलत नाही. जतकडचे एखादे आजोबा 'काय न्हाय, जरा रग लागलीया पोटाला' म्हणतात आणि एक्स-रे काढला तर आतडं फुटलेलं निघतं. उलट एखादा तरणा गडी ड्रेसिंगची पट्टी सोडवताना वॉर्ड डोक्यावर घेतो. कुणाचं खरं मानायचं?

दोघांचंही. हे कळायला मला दोन वर्षं लागली आणि मधल्या काळात एक चूक झाली, ती पुढं सांगतेच. तुमची दोन वर्षं वाचावीत म्हणून हे लिहितेय.

जवळ काय असावं

सेकंद काटा असलेलं घड्याळ (मोबाईल नको, हात घाण असतात). खिशात मावेल अशी वही आणि दोन पेनं, कारण एक डॉक्टर नेतात. दुखणं दाखवायचं, हसऱ्यापासून रडव्यापर्यंतच्या चेहऱ्यांचं कार्ड. छोटी टॉर्च. वॉर्डात चालू स्थितीतला पल्स ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचा), म्हणजे ड्रॉवरमध्ये सेल संपून पडलेला नव्हे.

कागद म्हणाल तर केस पेपर, औषधांचा चार्ट, टीपीआर (ताप, नाडी, श्वास) चार्ट, ॲलर्जीची नोंद, क्रिएटिनिनचा (किडनीचा) ताजा रिपोर्ट आणि मॉर्फिनसारखी औषधं असतील तर त्यांचं वेगळं रजिस्टर. ड्युटीवर आल्याआल्या हे सगळं कुठं ठेवलंय ते बघून ठेवा. रात्री दोन वाजता शोधाशोध करायची वेळ येऊ देऊ नका.

१. आधी कॉटपाशी जा, मग विचारा

दारातून 'काय, बरंय का?' विचारलं की 'बरंय' हेच उत्तर येतं. 'काही त्रास नाही ना?' हा तर सगळ्यात वाईट प्रश्न. त्यात तुम्हाला 'नाही' हवंय हे पेशंटला बरोबर कळतं. जवळ जा, नावानं नाहीतर काका, आज्जी, दादा अशी हाक मारा आणि सरळ विचारा, 'आत्ता कुठं दुखतंय?'

विचारण्याआधी दहा सेकंद नुसतं बघा. कसे झोपलेत? पाय पोटाशी घेतलेत का? कपाळाला आठ्या आहेत का? कॉटची कड मुठीत धरलीय का? हे बघणं कामाचं आहे, पण त्यावर निकाल द्यायचा नाही. मोबाईलवर रील बघून हसणाऱ्यालाही दुखत असतं. तो दुखणं विसरायलाच ते बघत असतो. पल्स-बीपी नॉर्मल आहे म्हणजे दुखत नाही, असंही नाही. चार दिवस दुखणं अंगावर काढलेल्याचं शरीर त्याला सरावलेलं असतं. मार्गो मॅकॅफरी नावाच्या अमेरिकन नर्सनं १९६८ सालीच सांगून ठेवलंय की पेशंट ज्याला दुखणं म्हणतो तेच दुखणं, आणि तो म्हणतो तेव्हा ते असतंच. सगळं शास्त्र त्याच्यानंतर.

दुखणं लपवणारे तीन प्रकारचे पेशंट आमच्याकडं नेहमी भेटतात.

पहिला ऊसतोड कामगार. गळीत हंगामात कोयत्यानं हाताला किंवा नडगीला लागलेले येतात. त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीलाच तिकडं एक कोयता म्हणतात, म्हणजे एक जण कॉटवर पडला की सगळा कोयता बंद. हा माणूस तुम्हाला 'आता काय दुखत न्हाई, सोडा' असंच सांगणार. दुसरा तासगावकडचा द्राक्षबागायतदार, ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत ॲडमिट झालेला. त्याचंही तेच.

तिसरी सिझर झालेली मुलगी. तुम्ही तिला विचारता आणि उत्तर सासूबाई देतात: 'आमच्या टायमाला चौथ्या दिवशी आम्ही पाणी भरत होतो.' मग ती पोर गप्प बसते. इथं वाद घालू नका. 'मावशी, बाळाचं दुपटं ओलं झालंय, जरा बदलून आणता का?' म्हणा आणि त्या दोन मिनिटांत विचारून घ्या.

आणखी एक. पडून असताना विचारलेलं दुखणं अर्धंच असतं. 'कुशीवर वळून दाखवा', 'जरा खोका बघू' असं सांगून पुन्हा विचारा. पोटाच्या ऑपरेशनचा पेशंट दुखण्याच्या भीतीनं खोकत नसेल, तर चौथ्या दिवशी त्याच्या छातीत कफ साठून ताप येतो आणि मग सगळे तापामागं धावतात.

२. दुखण्याची जात शब्दावरून ओळखा

याबाबतीत आपली भाषा फार श्रीमंत आहे आणि आपण ती वाया घालवतो. पेशंट 'ठणकतंय' म्हणतो, आपण 'पेन प्रेझेंट' लिहितो आणि डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. मी काय ऐकते आणि त्यावरून काय शंका घेते, ते सांगते.

ठणका: आत सूज किंवा पू. नखुरडं, दाढ, गळू, पिकलेली जखम. नाडीच्या ठोक्यासारखा येतो, रात्री वाढतो. प्लॅस्टर घातलेल्या पायाला ठणका लागला तर हातातलं काम टाकून जा.

कळ: लाटेसारखी येते, जाते, परत येते. बाळंतपण, मुतखडा, आतड्याचा अडथळा. मुतखड्याचा माणूस एका जागी बसत नाही, कॉटवर लोळतो, उठतो, भिंतीला टेकतो. पोटात पू किंवा छिद्र झालेला मात्र हलत नाही, कारण हललं की दुखतं. म्हणून ओरडणाऱ्यापेक्षा लाकडासारखा पडून राहिलेला मला जास्त घाबरवतो.

चमक, उसण: स्नायू. विशिष्ट हालचालीला येते. पण श्वास घेताना छातीत टोचतंय म्हणाला तर उसण समजून सोडू नका, ऑक्सिमीटर लावा.

आग, मुंग्या, शॉक बसल्यासारखं, 'बधिर झालंय पण दुखतंय': ही नसांची वेदना. जुना मधुमेह, नागीण, मणक्यातली दबलेली नस. नेहमीच्या वेदनाशामकांना ती फारशी दाद देत नाही. इथं डॉक्टर प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन किंवा ॲमिट्रिप्टिलीन लिहितात. पण तुम्ही 'आग होतेय' हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचवलात तर. नागिणीच्या पेशंटला चादरीचा स्पर्शही सोसत नाही. त्याला नाटकी म्हणू नका.

सलणं: आत काहीतरी रुतलंय. काटा, काच, टोचणारा टाका, ओढली गेलेली ड्रेनची नळी. पट्टी सोडून बघा.

दडपल्यासारखं, 'छातीवर धोंडा ठेवलाय': हे वाक्य पुरं होईपर्यंत ईसीजी मशीन निघालेलं असावं.

मुरडा, गोळा उठणं, कसकस, अंग मोडून येणं यांचे अर्थ तुम्हाला घरूनच माहीत आहेत. नोंद करताना पेशंटच्या तोंडचा शब्द अवतरणात तसाच लिहा. त्याचं इंग्रजी करत बसू नका.

शब्द कळला की बाकीचे प्रश्न: कधीपासून, कुठवर जातं (पाठीत, खांद्यात, जांघेत), कशानं वाढतं, कशानं उतरतं, बरोबर उलटी-ताप-घाम आहे का. आणि सगळे विसरतात तो प्रश्न, 'घरी काय केलंत?' हळद-चुन्याचा लेप असतो, झाडपाला बांधलेला असतो, हाडवैद्याकडं जाऊन बांबूच्या कांबट्या आवळून आणलेल्या असतात. मेडिकलमधून कागदाच्या पुडीत आणलेल्या, नाव नसलेल्या तीन रंगांच्या गोळ्या असतात. त्या पुडीत बऱ्याचदा वेदनाशामकच असतं, आणि तुम्ही वरून तेच देणार असता. पुडी मागून घ्या, बघा, केस पेपरवर लिहा. रागावलात तर पुढच्या वेळी पुडी दाखवणार नाहीत.

३. किती दुखतंय, ते मोजा

पुस्तकात शून्य ते दहाची पट्टी असते. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त असूच शकत नाही. शिकलेल्या पेशंटला ती चालते. १ ते ३ सौम्य, ४ ते ६ मध्यम, ७पासून पुढं तीव्र असं साधारण धरतात.

आटपाडीच्या सत्तरीतल्या आज्जींना 'दहापैकी किती?' विचारलं तर त्या म्हणतात, 'मला काय शाळा झालीया व्हय?' एकदा अशाच एका आज्जींपाशी मी अडून बसले होते. शेजारच्या कॉटवरच्या काकूंनी परस्पर विचारलं, 'अवो, रुपयात किती आणं दुखतंय?' आज्जी लगेच म्हणाल्या, 'बारा आणं. सकाळच्याला सोळा आणं हुतं.' मला एका दमात आताचा आकडा मिळाला, सकाळचा मिळाला आणि फरकही मिळाला. तेव्हापासून जुन्या पिढीच्या पेशंटला मी आण्यातच विचारते. हे कुठल्या पुस्तकात नाही, त्यामुळं चार्टवर आणे लिहू नका. 'नाही, थोडं, मध्यम, खूप' ही शब्दांची पट्टी पुस्तकात आहे. चार आणे म्हणजे थोडं, आठ म्हणजे मध्यम, बारा-सोळा म्हणजे खूप, असं त्यात बसवा. एका पेशंटला दरवेळी एकच पट्टी वापरा. सकाळी आकडा, दुपारी चेहरे, रात्री शब्द असं केलं की फरक कळतच नाही.

लहान मुलांना साधारण तीन वर्षांपासून चेहऱ्यांचं कार्ड चालतं. एक सावधगिरी: 'तुझा चेहरा कुठला?' असं विचारलं तर मूल हसरा चेहरा आवडला म्हणून त्यावर बोट ठेवतं. 'तुझ्या पायाला दुखतंय ना, ते यातल्या कुणाएवढं?' असं विचारा. त्याहून लहान बाळांसाठी फ्लॅक वापरतात: चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजूत घातल्यावर शांत होणं, प्रत्येकी ० ते २, बेरीज दहापैकी. आईला विचारायला विसरू नका. भुकेचं रडणं आणि दुखण्याचं रडणं तिला वेगळं ऐकू येतं.

विसराळूपणाचा आजार असलेल्या वृद्धांसाठी पेनॅड आणि व्हेंटिलेटरवरच्यांसाठी सीपॉट अशा बघून मोजायच्या पट्ट्या आहेत. तुमच्या आयसीयूत त्यांचे छापील तक्ते असतील, पाठ करायची गरज नाही. एवढंच लक्षात ठेवा: बोलता येत नाही म्हणजे दुखत नाही, असं नाही. कालपर्यंत शांत असलेले आजोबा आज अचानक हात झटकायला, नळ्या ओढायला लागले तर बांधून ठेवण्याआधी लघवी तुंबलीय का आणि कुठं दुखतंय का, ते बघा.

मिरजेत काम करणार असाल तर थोडं कानडी हवंच. १८९०च्या दशकात मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी इथं दवाखाना थाटल्यापासून अथणी, कागवाड, विजापूरकडचे पेशंट येतात, आजही येतात. 'एल्लि नोवु?' म्हणजे कुठं दुखतंय. 'होट्टी ब्यानी' म्हणाले तर पोट दुखतंय. 'जास्ती' जास्तीच असतं आणि 'कडिमे' म्हणजे कमी. माझं कानडी तिथंच संपतं, पण तेवढ्यावर रात्र निघते.

४. इंजेक्शनला हात लावण्याआधी धोका वगळा

आता ती चूक. पहिल्याच नोकरीत रात्रपाळी होती. मोटरसायकलवरून पडलेला एकोणीस वर्षांचा मुलगा, नडगीचं हाड मोडलेलं, संध्याकाळी प्लॅस्टर घातलेलं. दहा वाजता म्हणाला, ठणका लागलाय. ऑर्डरप्रमाणं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलं. बारा वाजता परत बोलावलं. मी म्हटलं, 'आत्ताच दिलंय, जरा कळ काढ.' दोनला तो रडायला लागला आणि शेजारचे पेशंट वैतागले. मी त्यालाच रागावले. चार्टवर 'रुग्ण अस्वस्थ' एवढं लिहिलं.

पहाटे इन्चार्ज सिस्टर फेरीला आल्या. त्यांनी त्याला काही विचारलंच नाही. प्लॅस्टरमधून बाहेर आलेला त्याचा अंगठा धरून हळूच वर केला आणि तो किंचाळला. सिस्टर माझ्याकडं न बघता म्हणाल्या, 'सरांना फोन लाव. प्लॅस्टर कापायचंय.' पायाच्या स्नायूंत दाब वाढून रक्तपुरवठा अडत होता. त्याच दिवशी ऑपरेशन करून दाब मोकळा केला. पाय वाचला, पण पोटरीवर लांब व्रण राहिला. दर फॉलोअपला तो मला ओळख दाखवायचा, आणि मला त्याच्या पायाकडं बघवायचं नाही.

म्हणून प्लॅस्टर किंवा घट्ट पट्टी असलेल्याचं दुखणं औषधानं न उतरता वाढत गेलं, बोटं दुसऱ्यानं हलवली की असह्य झालं, मुंग्या आल्या, तर ताबडतोब डॉक्टर. बोटं गुलाबी आहेत, नाडी लागतेय म्हणून थांबू नका. ती लक्षणं उशिरा जातात. डॉक्टर येईपर्यंत पाय हृदयाच्या पातळीवर ठेवा. उंच उशांवर चढवू नका.

बाकीचे धोके थोडक्यात:

छातीत दडपण, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणं. हे आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी. बायकांत आणि मधुमेहींत हेच 'पित्त झालंय', 'पोटाच्या वर जळजळतंय', 'नुसता दम लागतोय' असं येतं. ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवू नका.

किशोरवयीन मुलगा ओटीपोट दुखतंय म्हणतोय आणि लाजतोय. अंडकोषाला पीळ बसला असेल तर साधारण सहा तास हातात असतात. मुलगा स्वतःहून सांगत नाही. ब्रदर असतील तर त्यांना विचारायला सांगा.

अचानक, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी. पोट फळीसारखं कडक. गरोदर बाईची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढं अंधारी. या तिन्हींत आधी डॉक्टर, मग बाकी सगळं.

जुन्या लोकांचा एक समज अजून आहे की पोट दुखत असताना वेदनाशामक दिलं तर निदान झाकतं. डॉक्टरांनी एकदा तपासल्यावर पेशंटला तळमळत ठेवण्यात काही हशील नाही. योग्य प्रमाणात दिलेल्या औषधानं निदान बिघडत नाही, हे तपासून झालंय. तुम्ही ऑर्डर मागा.

५. डॉक्टरांना फोन करताना

'सर, बारा नंबरचा पेशंट ओरडतोय' असा फोन केलात तर 'डायक्लो द्या' हेच ऐकू येणार. अर्धवट झोपेतल्या माणसाला असं सांगा:

'सर, सर्जिकल वॉर्डातून सिस्टर बोलतेय. कॉट १२, वय ५४, हर्नियाचं ऑपरेशन काल झालेलं. पडून असताना ४, खोकताना ८. सहा वाजता पॅरासिटामॉल एक ग्रॅम ड्रिपमधून दिलं, तासाभरानं खोकताना ७. बीपी १३०/८०, पल्स ९६, श्वास १८. पोट मऊ, जखम कोरडी, लघवी झालीय. क्रिएटिनिन नॉर्मल, ॲलर्जी नाही. पुढं काय देऊ?'

मिनिटही लागत नाही. फोनवरची ऑर्डर लिहून घ्या, वाचून दाखवा, राउंडला सही घ्या. ही सही मागायला नवी मुलं लाजतात, आणि नंतर तक्रार झाली की एकटी पडतात.

६. औषध देताना

इथले डोस मोठ्या माणसांचे आहेत आणि ते ऑर्डर ताडून बघायला दिलेत, स्वतःहून द्यायला नव्हे.

पॅरासिटामॉल. एक ग्रॅमची बाटली १५ मिनिटांत जाते, दिवसात ४ ग्रॅमच्या वर नाही. पन्नास किलोच्या आतल्याला वजनावर, किलोला १५ मिलिग्रॅम. लिव्हर खराब असेल, दारू असेल तर डॉक्टर आणखी कमी देतात. सापळा असा की ट्रामाडॉलच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं, सर्दीच्या गोळीत असतं, तापाच्या गोळीत तर असतंच, आणि ड्रिप वेगळी चालू असते. नावं चार, औषध एकच. स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा.

डायक्लोफेनॅक. ७५ मिलिग्रॅम, कुल्ल्यात खोल, दिवसाला १५०च्या आत. किडनी, अल्सर, हृदयविकार, याआधी असल्याच गोळीनं उठलेला दमा, गरोदरपणाचे शेवटचे महिने, या सगळ्यांत थांबा आणि विचारा. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखीचा पेशंट असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत हे इंजेक्शन नको, रक्तस्राव वाढतो. जागा चुकली की नसेला इजा होते, गाठ होते, पिकते. तीच बाजू परत परत टोचू नका.

ट्रामाडॉल. ५० ते १०० मिलिग्रॅम, दिवसाला ४००च्या आत, हळू. भरभर ढकललं की उलटी आलीच. फिट्सचा पेशंट, डिप्रेशनच्या गोळ्या चालू असलेला पेशंट, आधी विचारा.

मॉर्फिन. याची भीती दोन्हीकडून. नातेवाईक म्हणतात, सवय लागेल. आपण म्हणतो, श्वास थांबेल. कॅन्सरच्या दुखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ साली जी पायऱ्यांची पद्धत सांगितली, तिच्या वरच्या पायरीवर मॉर्फिनच आहे, आणि ते घड्याळाप्रमाणं द्यायचं, पेशंट कण्हायची वाट बघत नव्हे. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यामुळं ते मिळणं फार अवघड झालं होतं. २०१४च्या दुरुस्तीनं थोडं सुटसुटीत झालं. रजिस्टर, कुलूप, दोन सह्या, उरलेल्या औषधाची साक्षीदारासमोर विल्हेवाट, यात कुणी 'नंतर करू' म्हणालं तरी ऐकू नका.

दिल्यावर पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. श्वास मंदावण्याआधी पेशंट गुंगतो: बोलता बोलता डोळे मिटतात, वाक्य अर्धं राहतं. ही पहिली घंटा. श्वास १०च्या खाली गेला तर हलवून जागं करा, ऑक्सिजन लावा, डॉक्टरांना बोलवा, नॅलोक्सोन (मॉर्फिनवरचा उतारा) हाताशी ठेवा. बद्धकोष्ठ मात्र होणारच आणि ते सरावानं जात नाही, म्हणून रेचकाची ऑर्डर पहिल्याच दिवशी मागा. नियमित मॉर्फिनवर असलेल्याला सवयीनं पेंटाझोसिन हे दुसरं वेदनाशामक टोचू नका. ते मॉर्फिनचा परिणाम उलटवतं. फेंटानिलचा पॅच ७२ तासांचा असतो. नवा लावताना जुना काढा आणि त्यावर गरम पाण्याची पिशवी कधीही ठेवू नका.

एसओएस, म्हणजे 'गरज लागली तर', या तीन अक्षरांबद्दल. ऑर्डर 'एसओएस' असली की आपण समजतो, पेशंट मागेल तेव्हा द्यायचं. पेशंटला ते मागायचं असतं हेच माहीत नसतं. आपण विचारत नाही, तो सांगत नाही, आणि ऑपरेशननंतरची पहिली रात्र तो छताकडं बघत काढतो. पहिल्या दोन दिवसांसाठी ठरलेल्या वेळेची ऑर्डर मागून घ्या.

आणि पाण्याचं इंजेक्शन. 'नाटकं करतोय, डिस्टिल्ड वॉटर दे' असं कुणी सिनियर सांगेल. देऊ नका. त्यानं बरं वाटलं तरी दुखणं खोटं ठरत नाही, आणि पेशंटला कळलं तर तो नर्सच्या हातच्या कुठल्याच सुईवर परत विश्वास ठेवत नाही. मी सुरुवातीला दोनदा दिलंय. आज नाही देणार.

७. सुईशिवायचे उपाय

आधी कारण शोधा. निम्म्या वेळा सुजलेली सलाईनची जागा, आवळलेली पट्टी, भरलेली लघवीची थैली किंवा पाठीखाली गोळा झालेली चादर सापडते. पोटाच्या टाक्यांवर उशी घट्ट धरून खोकायला शिकवा. मुरगळलेल्या पायाला फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं. मधुमेहाच्या बधिर पायाला शेक कधीच नाही. भाजलेलं त्यांना कळत नाही. बाळाला लस देताना आईला अंगावर पाजत ठेवायला सांगा, रडणं खरंच कमी होतं. ड्रेसिंग दुखणार असेल तर औषध आधी देऊन, ते चढल्यावर ट्रॉली आणा, आणि वाळलेली पट्टी सलाईननं भिजवून काढा. ओढून काढणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

८. परत जा

सगळ्यात जास्त चुकतं ते इथं. शिरेतून दिलं असेल तर अर्ध्या तासात, गोळी दिली असेल तर तासाभरात परत कॉटपाशी जायचं आणि तोच प्रश्न त्याच पट्टीवर विचारायचा. मी डाव्या हाताच्या मागं पेननं कॉट नंबर आणि वेळ लिहायचे. इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर रागावल्या, म्हणून आता वहीत लिहिते.

नोंद अशी असावी: 'रात्री ९.१०, उजव्या कुशीत "कळ येतेय", ७/१०, जांघेत जाते, उलटी १. डॉ. ऑन-कॉल यांना कळवलं, ऑर्डरप्रमाणं औषध ९.२० ला. ९.५०: ३/१०, झोप येतेय, हाकेला लगेच उत्तर, श्वास १६.' सगळ्या पेशंटसमोर एकाच अक्षरात 'रुग्णास आराम' असं उतरवत गेलात तर एखाद्या दिवशी तो आराम वकिलासमोर समजावून सांगावा लागेल.

झोपला म्हणजे उतरलं असं धरू नका. दमून झोपलेलाही असतो, औषधानं जास्त गुंगलेलाही असतो. श्वास मोजा, हाक मारा. ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवताना, 'बारा नंबर ठीक' म्हणू नका. किती होतं, काय दिलं, किती उरलं आणि पुढचा डोस किती वाजता, हे कॉटशेजारी उभं राहून सांगा.

९. घरी पाठवताना

डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं आणि आज्जी मराठीच काय, काहीच वाचत नाहीत. स्ट्रिपवर मार्करनं सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चांदोबा काढा. दुखण्याची गोळी उपाशीपोटी नको, हे सांगा. शेजारणीची गोळी नको आणि पुडीतली तर नकोच. कोणतं दुखणं घरी थांबवायचं नाही, तेही मोजकं सांगा: छातीत दडपण, पोट फुगून उलट्या, टाक्यातून पू, प्लॅस्टरमध्ये वाढता ठणका. गाडी नसेल तर १०८.

मग त्यांनाच परत सांगायला लावा. परवा शिराळ्याच्या एका आज्जींना विचारलं, तर स्ट्रिप उन्हाकडं धरून म्हणाल्या, 'ही सूर्याची च्या-बटरसंगं, ही चांदुबाची भाकरी खाल्ल्यावर. आन् पोट फुगलं तर तुझ्याकडं.' एवढं त्यांच्या तोंडून आलं की मगच कार्डावर अंगठा घ्या.